लेथवर झाकणाची लाकडी डबी: मे मध्ये बसणारं झाकण जुलैतही उघडलं पाहिजे

वहिनीला मे महिन्यात पर्पलहार्टचा, म्हणजे जांभळ्या विदेशी लाकडाचा, कुंकवाचा करंडा करून दिला होता. झाकण इतकं नेमकं बसलं होतं की उघडताना हवा ओढल्यासारखा पप्प आवाज यायचा आणि मला त्या आवाजाचाच फार अभिमान वाटत होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनी तोच करंडा रुमालात बांधून घेऊन आली, म्हणाली भाऊजी, आठ दिवस झाले कुंकू आतच आहे, झाकण जागचं हलत नाही. तेव्हापासून डबी करायला घेतली की मी आधी आकार नाही बघत, पॉलिशही नाही, हे झाकण नागपूरच्या मे मध्ये कसं बसेल आणि जुलैत कसं बसेल एवढंच बघतो. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कोरायच्या खरादावर, डबी करणं तसं दोन सुट्टीच्या दिवसांचं काम आहे पण लाकडाला मध्ये जो आराम द्यावा लागतो तो महिन्यांचा असतो, आणि बहुतेक जण तिथंच चुकतात.

आधी लाकूड. बाहेरच्या देशातलं रंगीत लाकूड बघितलं की सगळ्यांना तेच पहिल्या दिवशी लेथवर चढवायचं असतं, मलाही होतं, पण पहिल्या चार-पाच डब्या लकडगंजातल्या कटपीसवर करा. आरा मशीनवाल्यांकडे शिसम, बिजा, हळदू, शिवण यांचे हातभर तुकडे पडलेले असतात, वजनावर मिळतात, आणि त्यातला हळदू तर लेथसाठीच जन्माला आल्यासारखा आहे, पिवळा, बारीक पोताचा, रेषा सरळ, टूल लावलं की लांब लांब साल निघते. शिसम जरा कडक पण शिकवणारं लाकूड, टूल बोथट झालं की लगेच सांगतं. आणि एक गंमत म्हणजे ज्या काळ्या एबनीसाठी (आबनुसासाठी) लोक एवढे पैसे मोजतात तिचा सख्खा भाऊ आपल्याच जंगलात आहे, बिडीच्या पानांचा तेंदू, दोघांचं कूळ एकच, डायोस्पायरॉस. जुन्या तेंदूच्या गाभ्यात काळं लाकूड निघतं, एखाद्या सॉ मिलवाल्याकडे कायदेशीर मालातला असा तुकडा मिळाला तर सोडू नका.

विदेशीमध्ये मी वापरलेली म्हणजे पर्पलहार्ट, आफ्रिकन पडॉक, वेन्गे आणि थोडी एबनी. पर्पलहार्ट कापल्यावर मळकट तपकिरी दिसतं, घाबरू नका, एक-दोन दिवस उजेडात हवेवर ठेवलं की जांभळं चढतं, पण पुढे वर्षानुवर्षं ऊन लागत राहिलं की परत तपकिरीकडे जातं म्हणून ती डबी खिडकीत ठेवू नका असं ज्याला द्याल त्याला सांगा. पडॉक कापताना शेंदरासारखं लाल-केशरी असतं, त्याचा भुसा कपड्याला, हाताला, शेजारच्या पांढऱ्या लाकडाला सगळीकडे रंग लावतो, आणि काही वर्षांत ते पण गडद तपकिरी होतं. वेन्गे जवळजवळ काळं, मध्ये फिक्या रेघा, दिसायला राजा पण त्याच्या कुसळी बोटात गेली की पिकते, सोलपटंही निघतात. एबनी सगळ्यात नाजूक, गरम झाली की डोळ्यादेखत केसाएवढ्या भेगा पडतात.

विकत घेताना बिल घ्या आणि लाकडाचं नाव लिहून घ्या. शिसमच्या अख्ख्या कुळाचं, म्हणजे डालबर्जियाचं, आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीचं नियंत्रण साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात २०१७ पासून आहे, कोकोबोलो आणि आफ्रिकन ब्लॅकवुड त्यातच येतात. ब्राझिलियन रोजवुड तर १९९२ पासून पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, त्याच्या नादी लागूच नका. २०२२ च्या पनामा बैठकीत आफ्रिकन पडॉकही यादीत गेलं. घरात एक डबी करताय तोवर तुम्हाला काही त्रास नाही पण उद्या परदेशातल्या मावशीला पाठवायची म्हटली तर कागद लागतात का ते आधी विचारून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑनलाइन येणारे विदेशी ब्लँक, म्हणजे लेथसाठी कापलेले ठोकळे, बहुतेक मेणात बुडवलेले असतात, लोकांना वाटतं मेण आहे म्हणजे वाळलेलं आहे, उलट आहे राजेहो, मेण लावतात ते आतलं पाणी हळू निघावं आणि टोकं फाटू नयेत म्हणून. आत लाकूड अर्धं ओलं असू शकतं. माझ्याकडे एका विक्रेत्याकडून पूर्ण वाळलेला म्हणून आलेला वेन्गेचा तुकडा आला होता, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर ४१० ग्रॅम, दोन बाजूंचं मेण खरवडून दर रविवारी वजन करत गेलो तर दोन महिन्यांत ३६५ वर आला आणि मग थांबला. वजन तीन-चार आठवडे एकाच आकड्यावर राहिलं म्हणजे लाकूड तुमच्या घराच्या हवेला आलं, मॉइश्चर मीटर नसला तरी एवढं पुरतं. फक्त कुठं ठेवता ते बघा, नागपुरात मे मध्ये कूलर चालू असलेल्या खोलीत हवा पावसाळ्यासारखी दमट असते आणि बाजूच्या खोलीत पापड वाळतील इतकी कोरडी, एकाच घरात दोन ऋतू. लाकूड कूलरच्या झोतात ठेवू नका आणि गच्चीवर उन्हात तर अजिबात नाही, एका दुपारीत चिरतं.

लेथ छोटा चालतो, अर्ध्या हॉर्सपॉवरची मिनी लेथ, लाकूड धरायला चार जबड्यांचा चक आणि टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या समोरच्या सरकत्या आधारात, बसणारा ड्रिल चक. टूल पाच: ढोबळ गोल करायला रफिंग गाउज, आकार काढायला आणि कोरायला १० मिलिमीटरचा स्पिंडल गाउज, कापून वेगळं करायला ३ मिलिमीटरचं पार्टिंग टूल, तिरप्या धारेचा स्क्यू आणि खरवडायला एक चौकोनी तोंडाचा स्क्रॅपर. शिवाय वर्नियर कॅलिपर, सपाट तळाचं भोक पाडणारा ३५ मिलिमीटरचा फोर्स्टनर बिट, आणि धारेसाठी बेंच ग्राइंडरवर सफेद स्टोन. इतवारीत लोहा ओळीत फिरलात तर वर्नियर, स्टोन, पॉलिश पेपर सगळं मिळतं, फोर्स्टनर मात्र चांगला बघून घ्या, स्वस्तातला एबनीत दोन भोकं पाडून तापून निळा पडतो.

मी ज्यांच्याकडे बघत बघत शिकलो ते खरादीकाका पलंगाचे पाय, लाटणी आणि तान्ह्या पोळ्याच्या नंदीची चाकं करायचे, त्यांच्याकडे चक नव्हताच, मशीनला लाकडाचीच एक खोलगट वाटी लावलेली, तिच्यात तुकडा हातोडीनं ठोकून बसवायचे आणि तेवढ्यावर पाळण्याच्या खांबाचे मणी काढायचे. मी धार न लावता घाईनं टूल दाबायला लागलो की म्हणायचे, काहून घाई करून राहिला बाप्पा, लाकूड कुठं पळून चाललं. त्यांचं ग्राइंडरवर जाणं मी मोजलं होतं, एका नंदीच्या चार चाकांत सहा वेळा. विदेशी लाकडात त्याच्या दुप्पट धरा, वेन्गेसारखं लाकूड धार लवकर खाऊन टाकतं.

भुशाचं आधीच सांगून टाकतो कारण नंतर कोणी वाचत नाही. लाकडाच्या भुशाला कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९९५ मध्ये पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे नक्की, अशा गटात. विदेशी लाकडात त्यावर ॲलर्जी, कोकोबोलोनं तर काहींच्या अंगावर नुसत्या भुशानं चट्टे उठतात आणि एकदा अंगाला लागलं की पुढच्या वेळी जास्त जोरात उठतात. रुमाल बांधून चालत नाही, एन ९५ किंवा रबराचा फिल्टरवाला मास्क, वर पारदर्शक फेस शील्ड, बाह्या वर, गळ्यात ओढणी-मफलर-साखळी काही नको, हातमोजे तर नकोच, फिरत्या लाकडात मोजा अडकला तर हात सोबत जातो. आणि पॉलिश पेपर मारताना पंखा तुमच्या पाठीकडून दाराकडे वाहता ठेवा.

चला डबीकडे. कुंकवाच्या करंड्यासाठी मी ६५ बाय ६५ चा, १२० मिलिमीटर लांब तुकडा घेतो, रेषा लांबीत, म्हणजे डबी उभी असताना रेषाही उभ्या. दोन्ही टोकांवर कर्ण आखून मध्य काढायचा, लेथच्या दोन टोकांच्या सेंटरमध्ये धरून मिनिटाला आठशे-हजार फेऱ्यांवर (आरपीएम) रफिंग गाउजनं गोल करायचा, कोपरे जाईपर्यंत टक टक टक आवाज येतो, तो आवाज बंद होऊन सळसळ ऐकू आली की गोल झाला. मग वेग पंधराशे-अठराशे. दोन्ही टोकांना चकमध्ये धरायचं कुसू काढा, चकच्या मापाप्रमाणे, ६ मिलिमीटर लांब, किंचित आतल्या बाजूला तिरकं, आणि कुसवाचं टोक चकच्या तळाला टेकू देऊ नका, त्याचा खांदा जबड्यांच्या तोंडावर टेकला पाहिजे, नाहीतर डबी हलकी डुलत राहते आणि तुम्ही टूलला दोष देत बसता.

आता झाकण आणि डबी वेगळी करायची. साधारण एक तृतीयांश झाकण, दोन तृतीयांश डबी, माझ्या डोळ्याला हेच बरं वाटतं, अर्धं-अर्धं केलं की डबी गोळीसारखी दिसते. वेगळं करायच्या आधी पेन्सिलीनं दोन्हीकडून जाणारी एक उभी रेघ मारा, आणि नंतर आतून परत मारा कारण बाहेरची टूलनं निघून जाणार आहे. या रेघेचा उपयोग पुढे सांगतो. पातळ पार्टिंग टूल वापरा, जेवढी जाडी कापली तेवढ्या रेषा मधून गेल्या, शिवाय डबीला गळा, म्हणजे झाकण ज्यावर बसतं तो भाग, काढताना अजून पाच-सहा मिलिमीटर जातात, म्हणून वळणावळणाच्या रेषांचं लाकूड घेतलं की झाकण-डबीचं चित्र जुळत नाही. पहिल्यांदा सरळ रेषांचंच घ्या.

इथं थांबायचं आहे, आणि इथंच लोक थांबत नाहीत. दोन्ही तुकडे आतून ढोबळ कोरा, भिंत १० ते १२ मिलिमीटर जाड ठेवा, तळ पण तेवढाच, आणि मग लेथवरून काढून कागदी पिशवीत थोड्या सालींसोबत ठेवून द्या. कोरल्यामुळे आतला ताण सुटतो, लाकूड वाकायचं तेवढं वाकतं, गोल होतं ते थोडं अंडाकार होतं, होऊ द्या, त्यासाठीच भिंत जाड ठेवलीय. वाळलेल्या लाकडाला तीन-चार आठवडे पुरतात, मेणातल्याला दोन-तीन महिने, वजनाचा काटा सांगेल. मी तर दिवाळीत एकदम दहा-बारा ढोबळ कोरून ठेवतो आणि संक्रांतीच्या वाणाला हळूहळू पूर्ण करतो.

लाकूड हलतं म्हणजे काय ते इथं समजून घ्या कारण सगळी मेख त्यात आहे. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही. रुंदीत हलतं, आणि तिथंही सगळीकडे सारखं नाही, वर्तुळांच्या कडेकडेनं जेवढं फुगतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे फुगतं. म्हणजे आपली गोल डबी पावसाळ्यात नुसती मोठी होत नाही, लांबट होते. झाकणही तसंच लांबट होतं. दोघांच्या रेषा जुळवून झाकण लावलं तर लांबटावर लांबट बसतं आणि काही अडत नाही, पण झाकण पाव फेरा फिरवून लावलं तर लांब बाजू आखूड बाजूत घुसते, ५५ मिलिमीटरच्या गळ्याला पाव मिलिमीटरचा फरक झाला तरी झाकण पक्कं धरतं. आतून मारलेली पेन्सिलीची रेघ यासाठी. शेवटी मी तिथं गळ्यावर आणि झाकणाच्या आत गरम सुईनं एक-एक ठिपका देतो, ठिपक्यावर ठिपका आला की झाकण आपल्या जागी.

आराम झाल्यावर आधी झाकण घ्या. कुसू चकमध्ये धरा, कुसू पण अंडाकार झालं असेल तर एकदा परत गोल करून घ्या, मग फोर्स्टनरनं मध्ये भोक. वेग चारशे-पाचशे, थोडं आत, बाहेर, भुसा काढा, परत थोडं आत, एबनी असेल तर प्रत्येक वेळी बिटला हात लावून बघा, गरम लागला की थांबा. बिटचं मधलं टोक दोन-तीन मिलिमीटर पुढे असतं ते खोलीत धरा, नाहीतर झाकणाच्या वर मध्ये बारीक भोक निघतं आणि त्या तुकड्याला मग काही करता येत नाही. खोली कळावी म्हणून बिटच्या दांड्यावर रंगीत टेप गुंडाळा.

मग स्पिंडल गाउज, मध्यापासून कडेकडे, बाहेरून आत नाही, रेषा उभ्या असल्या की मध्यापासून बाहेर गेलेलं टूल तंतूंना आधार देत कापतं. झाकणाचा आतला घुमट हवा तसा करा पण तोंडाशी ५ मिलिमीटरची पट्टी अगदी सरळ हवी, लेथच्या अक्षाला समांतर. इथं चौकोनी स्क्रॅपर किंवा स्क्यू आडवा धरून अगदी हलके हलके घ्या. वर्नियरच्या आतल्या जबड्यांनी तोंडाशी मोजा आणि पट्टीच्या तळाशी मोजा, दोन्ही आकडे एकच आले पाहिजेत. तोंडाशी रुंद आणि आत अरुंद असेल तर झाकण फक्त गळ्याच्या वरच्या कडेवर धरतं आणि खाली डुलतं, तोंडाशी अरुंद असेल तर घालताना घट्ट आणि गेल्यावर खडखड. या पट्टीवर मी अर्धा तास घालवतो, पूर्ण डबीत कुठंच एवढा वेळ देत नाही. आतून पॉलिश पेपर १८०, २४०, ४०० नंबरचे मारा, पट्टीला मात्र ४०० चा एकच हलका हात, पेपरनं तिथं गोलाई बिघडते.

आता डबी चकमध्ये. पार्टिंग टूलनं गळा काढायला सुरुवात करा, ५ मिलिमीटर लांब पुरे, मी आधी दहा-बारा ठेवायचो, लांब गळा म्हणजे अडकायला जास्त जागा. गळा थोडा जाडच ठेवा आणि टोकाला जरासा निमुळता करा, एवढा की झाकण नुसतं टोकावर चढेल. लेथ बंद करा, झाकण टोकावर दाबून हातानं अर्धा फेरा फिरवा आणि काढून बघा. जिथं झाकण घासलं तिथं गळ्यावर चमकदार पट्टा दिसतो, पर्पलहार्टवर काळपट, हळदूवर तुपकट. तो पट्टा म्हणजे झाकणाचं खरं माप. वर्नियर बाजूला ठेवा, बाकीचा गळा त्या पट्ट्याच्या उंचीला आणा, एका वेळी कागदाएवढंच, आणि दर वेळी झाकण लावून बघा. बघताना लेथ पूर्ण थांबलेली हवी, फिरत्या गळ्यावर झाकण लावायचं नाही, ते गरम होऊन चिकटतं आणि फाटतं, माझं पर्पलहार्टचं पहिलं झाकण असंच उभं चिरलं होतं.

आत्ता झाकण घट्ट बसलं पाहिजे, हातानं ओढून निघेल पण जोर लागेल इतकं. कारण आता झाकण डबीवर लावून, टेलस्टॉकचा आधार देऊन बाहेरचा आकार दोघांचा एकदम करायचा आहे. झाकण आणि डबीच्या सांध्यावर पार्टिंग टूलच्या कोपऱ्यानं बारीक खाच द्या, उन्हा-पावसात दोघं कमीजास्त झाले तरी ती खाच ते झाकून घेते, बोटाला पायरी लागत नाही. आकार साधा ठेवा. जुन्या पितळी करंड्यांचा आकार माझ्या डोळ्यासमोर असतो, खाली थोडा फुगीर, वर मान, झाकणाला छोटी बोंडी. बोंडी कोरताना शेवटी टेलस्टॉक मागे घ्या आणि झाकणाचं कुसू हळू हळू खाऊन टाका, टूल धार लावून आणलेलं असावं आणि दाब चकच्या दिशेनं असावा, उलट नाही. भीती वाटत असेल तर सांध्यावर मास्किंग टेपचे दोन वेढे द्या.

झाकण काढा, डबी पूर्ण कोरा. परत ड्रिल, परत टेप, तळ सहा-सात मिलिमीटर राखा आणि खाली कापून वेगळी करायची जागा धरून राखा. भिंत पाच मिलिमीटर. त्याहून पातळ डबी हातात फार छान लागते हे खरं पण आपल्या हवेत पातळ भिंत जास्त वाकते.

मग शेवटचं बसवणं, म्हणजे झाकण सैल करणं. करंडा कसा वापरतात ते आठवा, एका हाताच्या बोटाला आधीच कुंकू लागलेलं असतं, दुसऱ्या हातानं झाकण उचललं पाहिजे आणि डबी देव्हाऱ्यात जागेवर राहिली पाहिजे. पप्प आवाजाचं झाकण बघणाऱ्याला आवडतं, रोज वापरणाऱ्या बाईला नाही. म्हणून गळ्यावर ४०० चा पेपर बोटानं हलका धरा आणि महिना बघून ठरवा. एप्रिल-मे मध्ये करत असाल तर डबी उलटी केली की झाकण आपोआप, पण हळू, हवेनं तोलल्यासारखं उतरलं पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये लाकूड आधीच फुगलेलं असतं तर थोडं घट्ट चालतं, उन्हाळ्यात ते सैल होईलच. सगळ्यात चांगले महिने ऑक्टोबर-नोव्हेंबर, हवा ना इकडची ना तिकडची, तेव्हाचं बसवणं वर्षभर फार चुकत नाही.

पॉलिश. आतून तेल लावू नका, जवसाचं तर नकोच, बाहेरून ते सुंदर दिसतं पण बंद डबीत खवट वास धरतं आणि कुंकवाला लागतं. आतून-बाहेरून लाख. चपडा लाख २५ ग्रॅम, स्पिरिट पाव लिटर, काचेच्या बाटलीत रात्रभर, अधूनमधून हलवून, सकाळी सुती कपड्यातून गाळून घ्या. हे स्पिरिट फक्त पॉलिशचं, पेटतं आणि विषारी असतं, देवघराच्या दिव्यापासून आणि पोरांपासून लांब. पातळ पातळ चार हात, दोन हातांमध्ये तासभर, मध्ये ६०० चा पेपर अगदी हलका. पडॉक असेल तर पहिला हात ब्रशनं, कपड्यानं पुसलं तर लाल रंग सगळीकडे पसरतो. एबनी आणि कोकोबोलोसारखं तेलकट लाकूड आधी ॲसिटोननं पुसा. भर पावसात लाख लावली की पांढुरकी साय धरते, त्या दिवशी राहू द्या. शेवटी मधमाशीच्या मेणाचा हलका हात देऊन लेथवरच कपड्यानं चमकवा, कपडा छोटा, बोटाला गुंडाळलेला नाही. सावंतवाडी किंवा चन्नपट्टणाची खेळणी पाहिली असतील, ते कारागीर रंगीत लाखेची कांडीच फिरत्या लाकडावर दाबतात आणि घासण्याच्या उष्णतेनं ती वितळून चढते, मग केवड्याच्या जातीच्या पानानं एकसारखी करतात. हळदूवर ते फार छान दिसतं, पण पर्पलहार्टवर रंग चढवायचा तर पर्पलहार्ट घेतलंच कशाला.

आणि गळा. वहिनीच्या करंड्यात मी झाकण आतून-बाहेरून पॉलिश केलं होतं पण घट्टपणा जाईल म्हणून गळा कोराच ठेवला होता. झाकणात दमटपणा हळू शिरला, कोऱ्या गळ्यात भराभर शिरला, गळा आधी फुगला, वर झाकण रेषा न जुळवता लावलेलं. आता मी गळ्याला आणि झाकणातल्या पट्टीला लाखेचे दोन पातळ हात देतोच आणि तेवढी जागा आधी पेपर मारताना सोडतो.

डबी खालून पार्टिंग टूलनं कापून घ्या, शेवटचे चार-पाच मिलिमीटर लेथ बंद करून बारीक करवतीनं. तळ साफ करायला एका टाकाऊ तुकड्यावर डबीच्या तोंडात घट्ट जाईल असा गळा काढा, डबी उलटी त्यावर बसवा, सैल वाटली तर मध्ये टिश्यू पेपरचा एक पदर. तळ किंचित खोलगट करा, म्हणजे कडेवर उभी राहते आणि डगमगत नाही. तळावर लाकडाचं नाव आणि महिना-वर्ष लिहून त्यावर लाखेचा हात द्या, महिना विसरू नका, पुढे कधी झाकण अडलं तर ती डबी कुठल्या हवेत बसवली होती ते त्यावरूनच कळतं.

अडलेलं झाकण पकडीनं ओढू नका, गरम पाण्यात तर नाहीच. वहिनीचा करंडा मी बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या आठ-दहा पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवला होता. चौथ्या दिवशी दोन्ही हातांत रबरी मोजे घालून झाकण हळू फिरवलं, रेषा जुळल्या तिथं आपोआप सुटलं. आतलं कुंकू कागदावर काढून ठेवलं, गळा ४०० नं दोन-तीन वेळा उतरवला, लाख दिली, सुईचे ठिपके दिले, आणि तळावर मे च्या खाली जुलै लिहून परत केला.